डार्विनचा पाणभुंगेरा

पावसाळ्याच्या सुरुवातीला अंगणातल्या दिव्याखाली कधी कधी एक काळसर, गुळगुळीत, होडीसारख्या आकाराचा किडा येऊन पडतो. फरशीवर त्याला धड चालता येत नाही. मागचे पाय ओढत, घसरत तो कसाबसा पुढे सरकतो. तोच किडा पाण्याने भरलेल्या बादलीत सोडला की त्याचे रूप पालटते. मागचे दोन्ही पाय एकदम मारून तो क्षणात तळ गाठतो. हा पाणभुंगेरा. डबकी, तळी, विहिरी हे त्याचे घर. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे तो रात्री उडत जातो आणि वाटेत दिव्याला भुलतो.

जमिनीवर चालणाऱ्या किड्यांच्या कुळात जन्मलेला हा प्राणी पोहायला कसा शिकला? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची दिशा ज्याने दाखवली, त्या माणसाने वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले होते. त्याचे नाव चार्ल्स डार्विन. डार्विन म्हटले की माकड आणि माणूस, फार तर गालापागोस बेटांवरचे पक्षी आठवतात. पण कॉलेजच्या दिवसांपासून मृत्यूच्या तेरा दिवस आधी छापून आलेल्या लेखापर्यंत भुंगेऱ्यांनी त्याची साथ सोडली नाही. त्याचे आयुष्य या भुंगेऱ्यांच्या बाजूने पाहिले की उत्क्रांती म्हणजे काय हे फार सोपे होऊन समोर येते.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावी झाला. आजोबा डॉक्टर, वडील डॉक्टर. आठ वर्षांचा असताना आई गेली. मुलानेही डॉक्टर व्हावे असे वडिलांनी ठरवले आणि १८२५ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याची रवानगी एडिनबराला झाली. तिथली व्याख्याने त्याला कंटाळवाणी वाटली. शस्त्रक्रिया तर सोसवल्याच नाहीत. दोन शस्त्रक्रिया त्याने पाहिल्या, त्यातली एक लहान मुलावरची होती. क्लोरोफॉर्मचा शोध लागायला अजून वीस वर्षे होती. शुद्धीवर असलेल्या रोग्याला धरून ठेवायचे आणि सर्जनने हात चालवायचा, अशी तेव्हाची रीत. डार्विन मधूनच बाहेर पळाला, पुन्हा त्या खोलीत गेला नाही आणि त्या आठवणीने पुढे कित्येक वर्षे त्याचा पिच्छा पुरवला. आमच्याकडेही पहिल्या वर्षाला विच्छेदनाच्या हॉलमध्ये चक्कर येऊन पडणारी मुले असतात. बहुतेक सावरतात, काहींना आपली वाट वेगळी असल्याचे तिथेच कळते. डार्विन दुसऱ्या गटातला. मात्र एडिनबराची दोन वर्षे अगदीच वाया गेली नाहीत. समुद्रकिनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी सापडणारे बारके जीव सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला तो तिथे शिकला.

वडील संतापले. शिकार, कुत्री आणि उंदीर पकडणे यापलीकडे या मुलाला काही सुचत नाही, हा घराण्याला बट्टा लावणार, अशी त्यांची खात्री झाली. मग पाद्री तरी होऊ दे म्हणून १८२८ मध्ये त्याला केंब्रिजला धाडले. आणि तिथे त्याला भुंगेऱ्यांचे वेड लागले. ते लावले विल्यम डार्विन फॉक्स या दूरच्या नात्यातल्या भावाने. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये भुंगेरे जमवणे हा तरुणांचा छंदच होता, पण डार्विनचा नाद काही औरच. थंडीत जुन्या झाडांवरचे शेवाळ खरवडून आणायला त्याने एक मजूर ठेवला. दलदलीतून लव्हाळे भरून येणाऱ्या नावांच्या तळाचा कचराही तो गोळा करून आणवी आणि त्यात दुर्मीळ जाती शोधी. एकदा झाडाची सुटलेली साल काढताना दोन दुर्मीळ भुंगेरे दिसले. दोन्ही हातांत एकेक पकडला, तोच तिसरा दिसला. हात मोकळा करण्यासाठी उजव्या हातातला त्याने तोंडात टाकला! भुंगेऱ्याने तिखटजाळ रस सोडला, जीभ भाजली, तो थुंकावा लागला आणि तिसराही निसटला. असे अनेक भुंगेरे जिवावर बेतले की पोटाच्या टोकाकडच्या ग्रंथींतून दाहक रसायन सोडतात. वाचकांनी हा प्रयोग करू नये हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

१८२९ मध्ये ब्रिटिश कीटकांवरच्या एका ग्रंथात भुंगेरा पकडणारा म्हणून त्याचे नाव छापून आले. पहिली कविता छापून आल्यावर कवीला होणार नाही इतका आनंद आपल्याला झाला, असे तो म्हातारपणी सांगे. पाद्री व्हायचे मात्र राहूनच गेले. २७ डिसेंबर १८३१ रोजी तो बीगल या जहाजावरून निघाला आणि जवळजवळ पाच वर्षांनी परतला.

त्या प्रवासातही पाणभुंगेरे भेटले, आणि तेही नको तिथे. दक्षिण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून १७ मैल, म्हणजे सुमारे २७ किलोमीटर आत, समुद्री जीव पकडायला टाकलेले जाळे ओढले तर त्यात भुंगेरे निघाले. काही जमिनीवरचे, काही गोड्या पाण्यातले. खाऱ्या पाण्याने त्यांचे फारसे बिघडलेले नव्हते. आणखी एकदा गोड्या पाण्यातला एक पाणभुंगेरा उडत येऊन थेट बीगलवर उतरला. सर्वांत जवळची जमीन तेव्हा ४५ मैलांवर, म्हणजे सत्तर किलोमीटरपेक्षा दूर होती. तळ्यातला किडा भर समुद्रात उडत येतो, ही नोंद त्याच्या मनात घर करून राहिली. मार्च १८३५ मध्ये आणखी एका किड्याशी गाठ पडली. मेंडोझा प्रांतात रात्री मुक्कामाला असताना बेंचुका नावाच्या रक्तपिपासू ढेकणाने त्याला चावे घेतले. हाच ढेकूण चागास रोगाचे परजीवी पसरवतो हे १९०९ मध्ये कळले. त्यामुळे डार्विनची पुढची आयुष्यभराची दुखणी, म्हणजे उलट्या, धडधड, पराकोटीचा थकवा, त्या चाव्यांमुळे होती की काय यावर डॉक्टर मंडळी अजून वाद घालतात. त्यातली काही लक्षणे प्रवासाला निघण्याआधीच दिसली होती, हेही विसरून चालत नाही.

परतल्यावर त्याने लग्न केले आणि १८४२ मध्ये लंडनजवळच्या डाउन या खेड्यात बिऱ्हाड केले. तिथून तो पुढची चाळीस वर्षे क्वचितच हलला. प्रकृती साथ देईना. दिवसातून काही तासच काम व्हायचे. पाण्याचे उपचार घेण्यासाठी तो माल्वर्नला गेला. त्याच माल्वर्नला पुढे उपचारासाठी नेलेली त्याची दहा वर्षांची लाडकी लेक ॲनी १८५१ मध्ये दगावली. या सगळ्यातून तो घरातल्या घरात, हाताशी असेल त्या सामानाने प्रयोग करत राहिला.

त्याला छळणारा एक प्रश्न असा : तळी ही जमिनीच्या समुद्रातली बेटेच. मग एकाच जातीच्या गोगलगायी आणि शिंपले दूर दूरच्या तळ्यांत कसे पोहोचतात? प्रत्येक तळ्यात देवाने ते वेगवेगळे निर्माण केले का? डार्विनने बदकाचे पाय मत्स्यपेटीत टांगून ठेवले. पाण्यात नुकत्याच जन्मलेल्या गोगलगायी त्या पायांवर चढल्या आणि इतक्या घट्ट बसल्या की पाय बाहेर काढून झटकले तरी पडेनात. दमट हवेत त्या बारा ते वीस तास जगल्या. तेवढ्या वेळात बदक शेकडो मैल उडू शकते. मग त्याने तळ्याकाठचा तीन चमचे चिखल आणून खोलीत झाकून ठेवला आणि उगवेल ते रोप उपटून मोजत गेला. सहा महिन्यांत ५३७ रोपे निघाली. पक्ष्याच्या पायाला लागलेला चिखल म्हणजे चालतीबोलती रोपवाटिकाच!

१८५८ च्या जूनमध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसचे पत्र आले. हाही भुंगेरे जमवता जमवता निसर्गाभ्यासक झालेला माणूस. वीस वर्षे डार्विन मनात घोळवत होता तीच कल्पना वॉलेसने स्वतंत्रपणे मांडली होती. दोघांचे लेखन १ जुलैला लंडनमध्ये एकत्र वाचले गेले. डार्विन तिथे नव्हता. त्याचा धाकटा मुलगा, दीड वर्षाचा चार्ल्स, तीनच दिवसांपूर्वी स्कार्लेट फीव्हरने गेला होता. आज पेनिसिलिनच्या गोळ्यांनी बरा होणारा हा आजार तेव्हा घरेच्या घरे रिकामी करत असे. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १८५९ मध्ये, त्याचे जगप्रसिद्ध पुस्तक ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी उन्हाळ्यात कीटकांच्या एका साप्ताहिकात डाउनमधल्या दुर्मीळ भुंगेऱ्यांविषयी टिपण आले. त्याखाली नावे होती डार्विनच्या तीन लहान मुलांची. घरात वारसा कसला चालला होता ते दिसतेच.

पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात, जीवनसंघर्षाचा विचार मांडताना, डार्विनने पाणभुंगेऱ्याचा पाय उदाहरणाला घेतला आहे. शेजारीच त्याने डँडेलियनचे बी ठेवले, आपल्या रुईच्या म्हातारीसारखे वाऱ्यावर तरंगणारे. वरवर पाहता म्हातारीचा संबंध हवेशी आणि चपट्या, केसाळ पायाचा संबंध पाण्याशी. डार्विन म्हणतो, जरा थांबा. बी उडून दूर पडण्याचा फायदा काय? जवळची सगळी जमीन इतर झाडांनी आधीच व्यापलेली असते, रिकामी जागा दूरच मिळते. पाणभुंगेऱ्याच्या पायाचेही तसेच. चांगले पोहता आले तर भक्ष्य मिळवताना दुसऱ्या पाणकिड्यांवर मात करता येते आणि स्वतः कुणाचे भक्ष्य होण्यापासून वाचता येते. म्हणजे पायाचा आकार पाण्यात घडला, पण तो घडवला शेजाऱ्यांनी. माझ्या मते डार्विनच्या साऱ्या विचाराचे सार या एका पायात आले आहे.

आता तो पाय जवळून पाहू. पाणभुंगेऱ्याचा मागचा पाय वल्ह्यासारखा चपटा असतो आणि त्याच्या कडेला लांब केसांची झालर असते. पाय मागे मारताना पाण्याच्या दाबाने केस पसरतात आणि वल्हे रुंद होते. पाय पुढे आणताना तेच केस मिटून पायाला चिकटतात, त्यामुळे अडथळा कमी होतो. होडी वल्हवणारा परतीच्या वेळी वल्हे पाण्याबाहेर काढतो. भुंगेऱ्याला ते शक्य नाही, म्हणून हे मिटणारे वल्हे. शिवाय तो मागचे दोन्ही पाय एकाच वेळी मारतो, त्यामुळे अंग डावीउजवीकडे झुलत नाही, सरळ जाते.

जमिनीवरचा किडा पाण्यात पडला की बहुधा चालण्याच्याच लयीत, आळीपाळीने पाय मारतो. पाणकिड्यांच्या काही कुळांत ती लय अजून टिकून आहे. पाणवनस्पती आणि कुजका पाला खाणारे हायड्रोफिलिडी कुळातले भुंगेरे पाण्यात राहतात, पण पोहताना पाय आळीपाळीनेच हलवतात, जणू पाण्यातून चालत आहेत. ते शिकारी पाणभुंगेऱ्यांचे पूर्वज नव्हेत. ते भुंगेऱ्यांच्या दुसऱ्याच फांदीवरून स्वतंत्रपणे पाण्यात उतरले. शिकारी पाणभुंगेरे म्हणजे डायटिसिडी कुळ. जगात त्यांच्या चार हजारांहून अधिक जाती आहेत, आणि त्यांचे नाते जमिनीवर धावून शिकार करणाऱ्या भुंगेऱ्यांशी आहे. विहिरीच्या पाण्यावर भिरभिरत गोल फिरणारे बारके काळे किडे आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यांनी तर मधले आणि मागचे असे चारही पाय आखूड, पसरट वल्ह्यांसारखे केले आणि डोळ्यांचेही दोन भाग केले, अर्धे पाण्यावर पाहायला, अर्धे पाण्याखाली. पाणी एकच, प्रश्न एकच, पण घराण्यागणिक उत्तर वेगळे. कारण प्रत्येकाला घरात होते त्याच सामानातून काम भागवावे लागले. नवा पाय कुणालाच मिळाला नाही.

आणि जुन्या सामानाच्या दुरुस्तीची किंमत असते. उत्तम पोहणाऱ्या पाणभुंगेऱ्याच्या मागच्या पायाचा मुळाकडचा भाग छातीला घट्ट जोडलेला आहे. त्यामुळे वल्ह्याला भक्कम आधार मिळतो, पण पाय खालीवर हलवता येत नाही. म्हणूनच फरशीवर त्याची ती केविलवाणी फरफट. आमच्या ओपीडीत रोज याच नियमाचे रुग्ण येतात. चार पायांवर चालणाऱ्यांचा कणा आपण उभा केला, हात मोकळे झाले आणि बदल्यात कंबरदुखी, हर्निया, पायांच्या फुगलेल्या शिरा पदरात पडल्या.

पोहण्याबरोबर श्वासाचाही प्रश्न होता. कीटकांना फुप्फुसे नसतात. अंगावरच्या छिद्रांतून निघालेल्या नळ्या हवा थेट पेशींपर्यंत नेतात. पाणभुंगेरा शेपटीचे टोक पाण्याबाहेर काढून पाठीवरच्या कडक पंखांखाली हवा भरून घेतो आणि बुडी मारतो. या हवेमुळे त्याचे अंग हलके होऊन सारखे वर उचलले जाते, म्हणून खाली राहायला एक तर पाय मारत राहावे लागतात, नाही तर पाणवनस्पतीला धरून बसावे लागते. म्हणजे पोहणे आणि श्वास यांची गाठ एकत्रच सुटायला हवी होती.

डार्विनचे सगळेच अंदाज बरोबर ठरले असे नाही. १८७१ च्या ‘डिसेंट ऑफ मॅन’ या पुस्तकात तो पाणभुंगेऱ्यांच्या नर-मादीकडे वळला. नराच्या पुढच्या पायांवर चकत्यांसारखे चोषक असतात. त्यांनी तो मादीची गुळगुळीत पाठ धरतो. काही जातींत मादीच्या पाठीवर खोल खाचा असतात. डार्विनला वाटले, या खाचा नराची पकड घट्ट व्हावी म्हणून आहेत. आजचे अभ्यासक बहुधा उलट सांगतात. गुळगुळीत काचेवर बसणारा रबरी चोषक खडबडीत भिंतीवर बसत नाही. खाचा नराला मदत करण्यासाठी नाहीत, नकोसा नर झटकण्यासाठी आहेत. निष्कर्ष बदलला, पण तो बदलला डार्विनच्याच नियमाने : शरीराचा आकार समजून घ्यायचा तर आजूबाजूला कोण आहे ते आधी पाहा, प्रसंगी जोडीदारसुद्धा.

हा नियम किड्यांपुरता नाही. क्षयरोगाची औषधे रुग्णाने दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून सोडली की उरलेल्या जंतूंत औषधाला दाद न देणारे थोडे जंतू असतील तर त्यांना रान मोकळे मिळते. दुबळे शेजारी मेलेले असतात आणि वाढतात ते हेच. जंतू हुशार होत नाहीत, आपण त्यांची निवड करतो. सरकारी रुग्णालयात रेझिस्टंट टीबीचा रुग्ण समोर बसतो तेव्हा तळ्यातली तीच गोष्ट त्याच्या छातीत घडत असते. कोर्स पूर्ण करा असे आम्ही कानीकपाळी ओरडतो, त्यामागे हे कारण आहे.

१८८२ चा फेब्रुवारी. डार्विन ७३ वर्षांचा झाला होता, हृदय थकले होते. नॉर्दॅम्प्टनहून वॉल्टर ड्रॉब्रिज क्रिक नावाच्या बुटांच्या व्यावसायिकाचे पत्र आले. निसर्गाचा नाद असलेल्या या गृहस्थाला एक पाणभुंगेरा सापडला होता. त्याच्या पायाला सेंटिमीटरभर लांबीचा एक जिवंत शिंपला घट्ट चिकटलेला होता. डार्विनने उत्साहाने प्रश्नांची सरबत्ती केली. क्रिकने भुंगेरा आणि शिंपला दोन्ही टपालाने धाडले. पोहोचला तेव्हा भुंगेरा मरायला टेकलेला होता, पण धुगधुगी होती. म्हाताऱ्या डार्विनने लॉरेलची पाने चिरडून बाटलीत घातली आणि त्यात त्याला ठेवले. चिरडलेल्या लॉरेलमधून सायनाइडचा वायू निघतो. कीटक जमवणाऱ्यांची ही जुनी युक्ती. पण डार्विनचा हेतू संग्रहाचा नव्हता. त्याची तडफड लवकर थांबावी एवढाच होता. एडिनबराच्या त्या खोलीतून पळालेल्या पोराचे मन पंचावन्न वर्षांनंतरही तसेच होते.

बदकाच्या पायांनी सुरू केलेल्या प्रश्नाला आता भुंगेऱ्याच्या पायाने साक्ष दिली होती. तळ्यांतून तळ्यांत उडणारा पोहणारा किडा शिंपल्याला उचलून नेऊ शकतो. या विषयावरचे त्याचे टिपण ‘नेचर’ साप्ताहिकात ६ एप्रिल १८८२ च्या अंकात छापून आले. १९ एप्रिलला डार्विन गेला. २६ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये, न्यूटनपासून थोड्याच अंतरावर, त्याचे दफन झाले.

डार्विनला एक गोष्ट मात्र कधीच कळली नाही. भुंगेऱ्याच्या पायाचा चपटेपणा, केसांची झालर, हे सगळे आईबापांकडून पिल्लांकडे नेमके कशातून जाते? याचे समाधानकारक उत्तर त्याच्याकडे नव्हते. ते १९५३ मध्ये केंब्रिजमध्ये सापडू लागले, ज्या गावात डार्विनने तोंडात भुंगेरा टाकला होता तिथेच. डीएनएची दुहेरी गोफाची रचना उलगडणाऱ्या दोघांपैकी एक होता जेम्स वॉटसन. दुसरा फ्रान्सिस क्रिक, डार्विनला पाणभुंगेरा पाठवणाऱ्या वॉल्टर क्रिकचा सख्खा नातू.